कडू पाण्यातला चेंडू

रविवार, २९ जुलै १९५६

दोन-शून्य! दोन्ही गोल जमालचे आणि दोन्ही डोक्याने. पेणची टीम मोठ्या ऐटीत लॉरीतून उतरली होती. जाताना त्यांचा सेंटर हाफ दोन्ही हातांत डोकं धरून लॉरीत चढला. बिचाऱ्याने आमच्या चेंडूला एकदाच डोकं लावलं आणि मटकन खाली बसला. कडेला उभे होतो ते आम्ही सगळे पोट धरून हसलो. आमचा कॅप्टन बळीराम म्हणाला, "काशीदादा, पेनकराला आता सपनात बी आपला चेंडू दिसंल."

चेंडूचं गुपित इथे लिहायला हरकत नाही. ही वही माझ्याशिवाय फक्त माझ्या बायकोच्या, वेणूच्या हाताला लागते, तीही केर काढताना, आणि तिला अक्षरओळख नाही. मिठागरात वाफ्यातलं मीठ ओढून घेतलं की खाली कडू पाणी उरतं. वैशाखाच्या शेवटी आम्ही ते पिंपात भरून ठेवतो. तराजूचे चामडी पट्टे त्यात मुरवले की सडत नाहीत, ही माझ्या बापाची रीत. गेली दोन वर्षं चेंडूही मी त्याच पाण्यात मुरवतो. शनिवारी सकाळी पिंपात, रविवारी दुपारी बाहेर, मग पुसून वरून खोबरेलाचा हात. वरून कोरडा दिसतो, पण आतलं पाणी काही जात नाही. परक्या टीमला त्याचा अंदाजच येत नाही. उंच मारला की त्यांचे बॅक मागे धावतात, चेंडू मात्र निम्म्या वाटेतच खाली येतो, थेट जमालच्या कपाळावर. नियमात चेंडूचं वजन लिहिलेलं आहे म्हणे. असू दे. पंच अंगठ्याने दाबून बघतो, तराजू घेऊन येत नाही.

जमाल हा बंदरावरच्या हव्वाबीचा एकुलता एक. हंगामात मिठागरावर माझ्या हाताखाली, पावसाळ्यात भाताच्या गिरणीत. वय बावीस. मी मिठागराचा कारकून असलो तरी आमचं नातं साहेब-गड्याचं नाही. माझा गुडघा मोडला त्या वर्षी मी त्याला हेड मारायला शिकवलं. मला जे जमलं नाही ते हा पोरगा करणार, हे मी तेव्हाच ओळखलं होतं.

शनिवार, ४ ऑगस्ट

बंदरावरचा अब्दुल्ला परत आला. जहाजावर सारंग आहे, खलाशांचा मुकादम, दोन वर्षांनी आला. येताना रेडिओ घेऊन आला आहे. आज मुंबईच्या मॅचची कॉमेंट्री होती म्हणून त्याच्या ओटीवर अर्धं पनवेल गोळा झालं. कॉमेंट्री इंग्रजीत, तेव्हा अब्दुल्ला मराठीत सांगणार. पण दोन वर्षं समुद्रावर काढलेला माणूस! "गेंद आता स्टारबोर्डला गेला... आता परत पोर्टला..." बळीराम शेवटी वैतागला, "ए सारंग, डावीकडं की उजवीकडं ते सांग, आमना बोट नाय चालवायची!"

मॅच संपल्यावर अब्दुल्लाने टेलिव्हिजनची गोष्ट सांगितली. लिव्हरपूलच्या बंदरात खलाशांसाठी कँटीन आहे, तिथे काचेची पेटी. मे महिन्यात लंडनला मोठी फायनल झाली ती त्याने त्या पेटीत पाहिली. मॅच चालू असताना त्याच वेळी! त्यात एका टीमचा गोली समोरच्याच्या अंगावर आदळला आणि पडला. उठला, मान चोळत चोळत शेवटची पंधरा-वीस मिनिटं खेळला, आणखी दोन चेंडू अडवले. टीम जिंकली. चार दिवसांनी फोटो काढला तेव्हा कळलं की मान मोडली होती.

मग बळीरामने मांडीवर थाप मारली, "याला म्हनतान खेळाडू!" जमाल ओटीच्या कडेला बसला होता. त्याचे डोळे चमकत होते. त्याने स्वतःच्या मानेवरून हात फिरवला आणि हसला.

घरी येऊन वेणूला गोष्ट सांगितली. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आन् त्याची आय कुठं व्हती तवा?" बायकांना खेळातलं काय कळतं.

रविवार, १२ ऑगस्ट

अलिबागला हरवलं, तीन-एक. बंदर शील्डच्या सेमीफायनलला पोचलो. हे शील्ड पनवेलात यायला माझ्या हयातीत एकदाच जमलं असतं, त्या वर्षी माझा गुडघा गेला.

आज एक गंमत झाली. मध्यंतरानंतर जमाल सरळ अलिबागच्या पोरांमध्ये जाऊन उभा राहिला. त्यांनीच त्याला हसत हसत आमच्याकडे ढकलला. मॅचनंतर त्याने मला तीनदा विचारलं, "दादा, किती झाले आपले?" तीनदा मी सांगितलं. जिंकल्यावर माणसाचं भान हरपतं ते असं.

त्याच्या कपाळावर चेंडूचं तोंड आवळायच्या चामडी वादीचा वळ उठला आहे, आडवा, हिरवट. पोरं त्याला 'गंधवाला' म्हणून चिडवतात. हव्वाबीच्या पोराला गंध! तोही हसतो.

बुधवार, १५ ऑगस्ट

सकाळी शाळेत झेंडा झाला. मग जमाल आमच्याकडे आला. ऊन पडलं होतं, पण ओटीवर बसेना, म्हणाला आतच बरं वाटतं. माजघरातल्या काळोखात भिंतीला टेकून बसला. वेणूने सुकटीची चटणी आणि भाकरी दिली. दोन घास खाल्ले आणि परसात जाऊन ओकला.

मी वेणूला म्हटलं, सुकट जुनी असणार. झालं! बाईचा असा काही पारा चढला. "मीबी तीच खाल्ली. तुमीबी तीच खाल्ली. आपुन का नाय ओकलो? डोले उघरून बगा जरा त्याच्याकडं." मी बघितलं. चेहरा जरा ओढलेला होता, एवढंच. गिरणीत कोंडा फार उडतो.

मोहरममुळे येत्या रविवारी मॅच नाही. बरंच झालं, त्याला विश्रांती मिळेल.

मंगळवार, २१ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. बंदरावर होड्यांची पूजा झाली, नारळ पडले. संध्याकाळी सराव. आज प्रथमच जमालने डोकं चुकवलं. मी हाताने चेंडू उडवला, बरोबर त्याच्या मापाचा, आणि ऐन वेळी त्याने मान खाली घातली. चेंडू पाठीवर आपटला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच.

मला राग आला. सगळ्यांसमोर बोललो. "विलायतेत लोक मोडक्या मानेने खेळतात आणि तू काय चेंडूला घाबरतोस?" त्याने चेंडू उचलून माझ्या हातात दिला. चौथ्यांदा डोळे मिटून डोकं लावलं. चांगलं लावलं. पण डोळे मिटून.

बोलायला नको होतं असं आता वाटतं. पण सेमीफायनल पाच दिवसांवर आहे, आणि फायनल बघायला मुंबईच्या एका कापडगिरणीच्या टीमचा माणूस येणार असल्याची पक्की खबर आहे. आवडलं पोरगं तर टीममध्ये जागा आणि गिरणीत कायमची नोकरी. हे सगळं मी त्याच्या भल्यासाठीच करतो आहे, दुसऱ्या कोणासाठी नाही.

रविवार, २६ ऑगस्ट

जिंकलो, एक-शून्य. जमालचाच गोल. पण गोल मारून तो आडवा झाला तो उठेना. मी लंगडत धावत गेलो. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. कोणी पाणी मारलं, कोणी कांदा फोडून नाकाला लावला. मिनिटभराने उठला. पंच म्हणाला बाहेर जा, तर बळीराम म्हणाला, "जातो कशाला, उठला ना!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. जमाल उरलेला वेळ मैदानात चालत होता, धावला नाही. तसंही चेंडू त्याच्याकडे फार गेला नाही.

मॅचनंतर डॉक्टरांकडे नेला. डॉक्टर आमच्या टीमचे शौकीन, स्वतः मॅचला आले होते. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, बोटं मोजायला लावली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "काशिराम, आठ-दहा दिवस याच्या डोक्याला धक्का लागता कामा नये. चेंडूला डोकं तर मुळीच नाही."

फायनल रविवारी, म्हणजे सात दिवसांनी. सात आणि आठात असा काय फरक आहे? डॉक्टर लोक नेहमी एखाद-दोन दिवस वरचेच सांगतात.

मंगळवार, २८ ऑगस्ट

दुपारी हव्वाबी घरी आली. ती आमच्या ओटीवर चढायला नेहमी संकोच करते, आज सरळ आत येऊन वेणूजवळ बसली. म्हणाली, "काशीभाऊ, जमाल तुमच्या लफ्जाबाहेर नाय. मी बोलली तर हसतो. तुमी सांगा त्याला, ह्या रविवारी खेळू नको म्हणून."

मी विचारलं, झालं काय. तर म्हणाली, सकाळी उठून तो तिला "दादी" म्हणून हाक मारतो. दादी जाऊन सहा वर्षं झाली. परवा विहिरीवर कळशी घेऊन गेला आणि तिथेच उभा राहिला, कशाला आलो ते आठवेना. रात्री डोकं उशीत खुपसून कण्हतो. "माझ्या घरात दुसरं कोण हाय, भाऊ? हा एकच चिराग हाय."

मी म्हटलं, "काळजी करू नका, हव्वाबी. मी सांगतो त्याला."

ती गेल्यावर वेणू म्हणाली, "सांगनार ना? तिच्या तोंडावर बोललाव."

मी म्हटलं, सांगणार. वेळ बघून सांगणार. आजच सांगून त्याचं मन खचवायचं आणि गिरणीची नोकरी घालवायची, तर मग हव्वाबीच मला उद्या बोल लावेल.

गुरुवार, ३० ऑगस्ट

आज माझं आणि अब्दुल्लाचं वाजलं.

बळीरामच्या हॉटेलात फायनलच्याच गप्पा. उरणची टीम तगडी, त्यातले तिघे मुंबईत खेळतात. मी चेंडू घेऊन गेलो होतो, वादी बदलायची होती. अब्दुल्लाने सहज म्हणून चेंडू उचलला आणि त्याचा हात खाली गेला. "या अल्ला! काशिराम, हा चेंडू हाय का लंगर?" सगळे हसले. तो हसला नाही. त्याने मला बाहेर नेलं, पिंपळाखाली.

म्हणाला, "ती टेलिव्हिजनची गोष्ट मी तुमाला गलत सांगितली. आधी अर्धीच सांगितली. मैदानात लाखभर लोक होते, त्यांना तो लांबून दिसला. आमाला पेटीत जवळून दिसला. एकदा त्याचं तोंड पूर्ण काचभर आलं. काशिराम, त्याला समजत नवतं तो कुठं हाय. कँटीनमध्ये सगळे गप झाले. माझ्या बाजूचा गोरा खलाशी बोलला, कोणीतरी थांबवा रे त्याला. आणि मैदानात लोक टाळ्या मारत होते. त्याच नजरेने जमाल परवा माझ्याकडं बघत होता. तुमी कडेला उभे राहता. तुमाला तोंड दिसत नाय."

मी म्हटलं, मला सगळं दिसतं. त्याला मी तयार केला आहे.

"तर मग हा चेंडू तोला. माझ्यासमोर तोला."

मी म्हटलं, तू जहाजावर जा, सारंग, पनवेलचं पनवेलकर बघतील. मोठ्याने म्हणालो. हॉटेलातले सगळे बाहेर बघायला लागले. अब्दुल्ला निघून गेला.

संध्याकाळी मिठागराच्या कचेरीत एकटाच होतो. चेंडू तोलला. नवा कोरडा चेंडू एक रत्तल भरतो. हा पावणेदोन भरला. तराजू चुकला असेल म्हणून पुन्हा तोलला. पावणेदोन.

दोन वर्षं. रविवारच्या मॅचेस आणि मधले सराव धरले तर जमालने किती वेळा... हिशेब करत नाही. तो रोज खेळणारा पोरगा आहे, सवय आहे त्याला.

कोरडा चेंडू आणला तर उरणचे आम्हाला चार गोल मारतील. तेव्हा असं ठरवलं: चेंडू तोच राहील, पण जमालला सांगायचं, फक्त पायाने खेळ. म्हणजे हव्वाबीला दिलेला शब्दही राहिला आणि शील्डही. हे ठरवल्यावर जरा हलकं वाटलं.

शनिवार, १ सप्टेंबर

सकाळी चेंडू पिंपात टाकला. वेणू परसात भांडी घासत होती. म्हणाली, "त्या पान्यात काय टाकताव ते मना कलत नाय असं समजू नका. मिठाचं पोतं भिजलं का दोघांना उचलत नाय, ते मी लहानपनापासून बगतंय." मी ऐकलं न ऐकलंसं केलं.

दुपारी जमाल आला. त्याला सांगितलं, उद्या डोकं लावायचं नाही, फक्त पायाने. तो हसायला लागला. "मग मला घेता कशाला? विठूला घ्या. तो पायाने बरा खेळतो." मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलं आहे. त्याने मान डोलावली. मग माझ्या खांद्याच्या बाजूला बघत म्हणाला, "दादा, तुमच्याजवळ ते कोण उभं हाय?"

माझ्याजवळ कोणीच नव्हतं. मी म्हटलं, माझी सावली! तोही हसला, मीही हसलो. मस्करीत त्याचा हात कोणी धरणार नाही.

हव्वाबीने खेळायला देऊ नका म्हटलं होतं, मी डोकं लावू नको म्हटलं. मतलब तोच झाला.

रविवार, २ सप्टेंबर, संध्याकाळ

जिंकलो! बंदर शील्ड पनवेलला! दोन-एक! बंदरावर फटाके वाजताहेत.

सगळं लिहून ठेवतो. उरणने पहिला गोल केला. विठूने फेडला. मध्यंतराला एक-एक. गिरणीच्या टीमचा माणूस खुर्ची टाकून बसला होता, गॉगल लावून. उरणच्या बॅकने एकदा चेंडूला डोकं लावलं आणि बळीरामला शिवी घातली, "दगुर हाय काय हा?" पंचाने चेंडू अंगठ्याने दाबला आणि परत दिला.

जमालने पूर्वार्धात एकदाही डोकं लावलं नाही. मी सांगितलं होतं ते ऐकलं. मध्यंतरात माझ्याजवळ आला आणि हळूच, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं, "दादा, आपली बाजू कुठली?"

मी त्याला खांद्याला धरून वळवला आणि गोल दाखवला. "तो. तिकडे मारायचा." तो गेला.

पाच मिनिटं उरली असताना बळीरामने उंच मारला. चेंडू निम्म्यातच खाली यायला लागला. उरणचे दोन्ही बॅक मागे धावले, फसले, आणि खाली एकटा जमाल. मी त्याला नको म्हणून सांगितलं होतं, देवाशप्पथ सांगितलं होतं. पण त्या क्षणी माझ्याच तोंडून निघालं, "घे जमाल! घे!"

त्याने घेतला. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. चेंडू जाळ्यात गेला. जमाल चालत चालत गोलपर्यंत गेला, खांबाला धरलं आणि खाली बसला. मग लोकच लोक. त्याला खांद्यावर घेतला, गुलाल उधळला. त्याची मान मागे कलली होती. गिरणीचा माणूस म्हणाला, दिवाळीनंतर पाठवा पोराला.

त्याला घरी नेऊन झोपवून आलो. दमला आहे. हाका मारल्या तर उठला नाही, पण पहिल्यापासूनच त्याची झोप भारी. जरा मोठ्याने घोरतो आहे. वेणू माझ्याबरोबर आली होती, ती हव्वाबीकडेच थांबली. दिवेलागण होऊन गेली, अजून आली नाही.

बुधवार, ५ सप्टेंबर

रविवारी रात्रीच डॉक्टर म्हणाले, मुंबईला न्या, एक क्षण थांबू नका. मिठाची लॉरी काढली. मुंब्र्यावरून ठाणे, ठाण्यावरून मुंबई. हव्वाबीच्या मांडीवर त्याचं डोकं, वेणूने पाय धरलेले. हव्वाबी सबंध वाट काही पुटपुटत होती. माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

इस्पितळात डोक्याची कवटी उघडली. आत रक्त साठलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, "कशाने लागलं?" बळीराम म्हणाला, पडला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही म्हटलं, पडला.

डॉक्टर म्हणाले, "नुसता पडून असं होत नाही. जुनं रक्त आहे, आठवड्याभरापूर्वीचं. त्याच्यावर नवीन. याला आधी काही त्रास होत नव्हता? उलट्या? उजेड सोसत नाही, दोन-दोन दिसतं? घरातल्या कोणाच्या लक्षात नाही आलं?"

मी म्हटलं, नाही.

हव्वाबी शेजारीच उभी होती.

बुधवार, १९ सप्टेंबर

गणपती आले नि गेले. जमाल जिवंत आहे. डोळे उघडतो, आईला ओळखतो. बाकीचं हळूहळू येईल म्हणतात.

शील्ड बळीरामच्या हॉटेलात, कपबशांच्या फळीवर. आज गेलो तर पुढच्या वर्षीच्या टीमची चर्चा. कोणी म्हणालं, जमालने मध्येच बाहेर जायला हवं होतं. दुसरा म्हणाला, मग शील्ड कुठून आलं असतं? तो विलायतेतला मोडक्या मानेने खेळलाच ना? वाद इतका रंगला की चहा गार झाला. मी कोपऱ्यात बसून होतो. बळीराम माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काशीदादा, पुढल्या साली बी चेंडू तुमीच मुरवायचा हां."

मी उठून घरी आलो. परसात पिंप पालथं पडलेलं, माती पांढरी झालेली. वेणू चुलीपाशी होती. तिने वर पाहिलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या मातीकडे बघत बराच वेळ उभा राहिलो. मला त्या दिवशी तराजूने सांगितलं होतं. हव्वाबीने सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, वेणूने सांगितलं, अब्दुल्लाने सांगितलं. जमालनेही सांगितलं होतं, माझ्याच शेजारी दुसरा माणूस दाखवून. मी ती सगळी पानं आज वाचून काढली. माझ्याच हाताने लिहिलेली. मला लाज वाटते. हे लिहिल्याने काही होत नाही, पण वाटते.

रविवार, ७ ऑक्टोबर

जमालला घरी आणला. डोक्याला रुमाल, अंग निम्मं झालेलं. चालतो, बोलतो, हसतो. मी पाच वाजता गेलो. मला बघून त्याचा चेहरा फुलला. "काशीदादा! फायनल कधी हाय?"

मी म्हटलं, झाली की रे. जिंकलो आपण.

"कोणी मारला?"

"तू."

तो एवढा आनंदला की माझे डोळे भरून आले. मग तो रस्त्याकडे बघत बसला. थोड्या वेळाने माझ्याकडे वळला. "काशीदादा! कधी आलात? फायनल कधी हाय?"

गुरुवार, १८ ऑक्टोबर

रोज पाच वाजता जातो. जुनं सगळं आठवतं त्याला, लहानपणाचं, मिठागरावरचं. पावसाळ्यातलं अर्धवट, फायनलचं काहीच नाही, आणि आत्ताचंही टिकत नाही. डॉक्टर म्हणतात, असाच राहील बहुधा.

रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर, रोज तसाच आनंद. मला वाटलं, निदान एवढं तरी त्याला रोज देता येतं. पण आज हव्वाबीने मला अडवलं. लॉरीतल्या रात्रीनंतर प्रथमच माझ्याशी बोलली. "जिंकलो म्हणू नका, भाऊ. तुमी गेल्यावर तो उठतो, चेंडू शोधतो, मैदानात जातो बोलतो. काल पायरीवरून पडला. मी कितीदा धरू? हरलो म्हणा."

रविवार, २१ ऑक्टोबर

आज गेलो तेव्हा मनाशी काही ठरवलेलं नव्हतं. जमाल ओटीवर पाट टाकून बसला होता. हव्वाबी आत चहा करत होती.

"काशीदादा! फायनल कधी हाय?"

"झाली. हरलो."

त्याचा चेहरा उतरला. "का? मी नव्हतो?"

"होतास." आणि मग मला पुढे खोटं बोलता येईना. "जमाल, चेंडू जड होता. मी कडू पाण्यात मुरवायचो. दोन वर्षं. पावणेदोन रत्तल. मी तोलला होता. तोलून तुला दिला. त्यानेच तुझ्या डोक्याला लागलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. इतक्या दिवसांत मी त्याचा चेहरा असा समोर बसून पाहिलाच नव्हता.

"मग मला सांगायचं होतं ना, दादा," तो हळू म्हणाला. "मला वाटायचं, माझंच डोकं कच्चं हाय. लाज वाटायची मला. तुमाला वाटेल मी डरलो."

मागे काहीतरी वाजलं. हव्वाबी दारात उभी होती, हातात चहाची बशी. तिने सगळं ऐकलं होतं. मी उठून उभा राहिलो. ती आता मला हाकलून देईल, ओरडेल, बंदरावरची माणसं गोळा करेल असं वाटलं. खरं सांगतो, तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने बशी खाली ठेवली आणि भिंतीला धरून बसली.

जमाल रस्त्याकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे मान वळवली आणि त्याचा चेहरा पुन्हा फुलला.

"काशीदादा! कधी आलात? फायनल कधी हाय?"

मी हव्वाबीकडे बघितलं.

"सांगा," ती म्हणाली. "त्याने विचारलंय ना? आता बोललात तेच सांगा. सगळं."

मी पुन्हा सांगितलं. पिंप, कडू पाणी, तराजू, सगळं. त्याने पुन्हा तेच विचारलं, मला का नाही सांगितलंत. पुन्हा त्याला लाज वाटायची ते सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना सोपं जाईल असं वाटलं होतं, ते खोटं ठरलं.

निघताना हव्वाबी पायरीपर्यंत आली. "उद्या येणार?"

मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तर येणार नाही.

"या," ती म्हणाली. "रोज या. रोज विचारेल तो, रोज सांगा त्याला."

घरी आलो. वेणूने पाणी दिलं, तिला झालेलं सगळं सांगितलं. उद्या सोमवार, कचेरी पाचला सुटते, तिथूनच जायचं आहे.